दिवस मावळल्यावरचं पाणी

पद्मलला शंभरातले नऊ मिळाले.

राजमतीअक्कांनी जयसिंगपूरच्या शाळेत उभा जन्म चौथीच्या वर्गाला गणित शिकवलं होतं. नऊ मार्क मिळवणाऱ्या पोराला त्या काय म्हणायच्या, हे त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. "म्हणजे पेपरावर नाव तेवढं बरोबर लिहिलंस." पण हे नऊ गणितातले नव्हते. त्यांच्या धाकट्या बहिणीला खरोखर मरायचं होतं की नव्हतं, याचे ते मार्क होते. आणि ते देणाऱ्या डॉ. शाल्मली हर्डीकर टेबलापलीकडे बसून मोकळ्या मनानं हसत होत्या.

"चांगली बातमी आहे, अक्का. हेतू नाही. यांनी स्वतःला इजा केली हे खरं, पण जीव द्यायचा नव्हता. तीसच्या खाली आम्ही दाखल करून घेत नाही. घरी न्या, गोळ्या चालू ठेवा."

पद्मल शेजारच्या खुर्चीत बसली होती. साठीला टेकलेली, किरकोळ बांध्याची, केसांची वेणी अजून शाळकरी मुलीसारखी घट्ट घालणारी. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"नऊ?" ती म्हणाली. "शंभरातले?"

"हो, मावशी. काळजीचं काही नाही."

पद्मलनं मान हलवली. वर्गात नापास झालेली मुलगी जशी मान हलवते, तशी.

पूर्वी असं नव्हतं. पद्मल लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी परत आली आणि तिचं ते पहिलं आजारपण निघालं, तेव्हा सांगलीला डॉ. लोंढे म्हणून होते. गांधी टोपी घालायचे, त्यांच्या दवाखान्यात बाकडं एकच आणि पंखा खडखडणारा. ते पद्मलला पहिल्यांदा विचारायचे, "आज भाकरी कोणी केली? तू? मऊ झाली होती का?" दहा मिनिटं भाकरीवर बोलून झालं की मग हळूच दुसरं काही. आमच्याकडे दिवस मावळल्यावर अन्नपाणी नाही, पद्मलनं बारा वर्षांची असताना बस्तीत, आमच्या जैनांच्या देवळात, महाराजांच्या पुढ्यात तसा नेम घेतलाय, हे कळल्यावर त्यांनी रात्रीच्या गोळ्या संध्याकाळवर आणून ठेवल्या. "तुमच्या सूर्याशी कोण भांडणार?" म्हणाले.

त्यांना एकदा अक्कांनीच विचारलं होतं, "डॉक्टर, हिला खरंच मरायचं असतं, की आम्हाला घाबरवायचं असतं?"

लोंढ्यांनी चष्मा काढला. "बाई, आगीत सापडलेलं माणूस आधी बाहेर काढायचं. आत कशाला गेला होतास, हे नंतर विचारायचं. नाही विचारलं तरी चालतं."

ते गेले, त्यांचा दवाखाना गेला, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर हे नवं मनोरुग्णालय झालं, उसाच्या फडात काचेची पेटी ठेवावी तसं. तिथं आधी हेतू विचारत. आणि तोही माणसाला नाही, यंत्राला.

यंत्राची गोष्ट अशी होती. माणूस हात हलवतो त्याच्या थोडं आधी मेंदूत एक बारीक लाट उठते. हे शास्त्रज्ञांना फार जुनं ठाऊक होतं, अक्का परकर-पोलक्यात होत्या तेव्हापासून. नवा शोध लागला तो पुढचा. आपण केलेली गोष्ट माणूस आठवून सांगायला लागला, की तीच लाट फिकी होऊन परत उठते. डोक्यावर चुंबकी टोपी घातली की ती टिपता येते. करायचंच म्हणून केलेल्या गोष्टीची लाट एका घडणीची. दाखवायला, धाक घालायला किंवा नुसतं आतलं दुखणं बाहेर काढायला केलेल्या गोष्टीची लाट दुसऱ्या घडणीची. एवढं कळल्यावर यंत्र व्हायला किती वेळ लागतो? त्याचं नाव हेतुमापक.

अडचण एकच होती. दोन माणसांचं हस्ताक्षर जसं एक नसतं, तशी दोन मेंदूंची लाटही एक नसते. म्हणून मोजायच्या आधी प्रत्येकाकडून दोन नमुने घ्यायचे. त्यासाठी सगळ्यांना सारखं लागू पडणारं काय, तर पाणी. दुपारपासून माणसाला तहानलेलं ठेवायचं. मग समोर पाण्याचा पेला. पहिल्यांदा उचलायचा आणि प्यायचा. ती खरी इच्छा, तिथं शंभराची खूण. दुसऱ्यांदा उचलायचा, ओठाशी न्यायचा आणि न पिता खाली ठेवायचा. ते नुसतं दाखवणं, तिथं शून्याची खूण. मग इजा केली त्या दिवसाबद्दल प्रश्न विचारायचे. माणसाची लाट या दोन खुणांच्या मध्ये कुठं बसते ते यंत्र सांगायचं. साठच्या वर वॉर्ड, तीसच्या खाली घर.

पद्मलची वेळ दुपारी तीनची होती. आधीच्या रुग्णांना वेळ लागला, मध्येच वीज गेली, आणि दोघी बहिणी आत गेल्या तेव्हा खिडकीबाहेर कारखान्याच्या धुराड्यामागे सूर्य टेकला होता. हर्डीकर डॉक्टरांनी टोपीचे पट्टे आवळता आवळता सगळं समजावून सांगितलं.

"साठच्या वर आले तर आजच दाखल करू. जवळचं बाईमाणूस सोबत राहायला लागेल, तो नियम आहे. अक्का, तुम्हीच राहाल ना?"

"किती दिवस?"

"महिना तरी."

"महिना," अक्का म्हणाल्या.

त्यांच्या पिशवीत श्रवणबेळगोळच्या बसचं तिकीट होतं. बाहुबलींचा महामस्तकाभिषेक बारा-चौदा वर्षांनी येतो. अक्कांनी तो एकदाच पाहिला होता, सात वर्षांच्या असताना, वडिलांच्या, तात्यांच्या खांद्यावर बसून. तात्यांच्या रुमालाला नीलगिरीच्या तेलाचा वास होता, आणि वर डोंगराएवढ्या देवाच्या अंगावरून आधी दूध, मग हळदीचं पाणी, मग चंदन ओघळत होतं. हजारो माणसं, आणि तरी ते ओघळताना ऐकू येत होतं. त्यानंतर दर खेपेला काहीतरी आडवं आलं. आईचं आजारपण, शाळेच्या परीक्षा. मागच्या दोन्ही वेळा तर पद्मलच. एकदा बस सुटायच्या आदल्या दिवशी. पुढच्या खेपेला आपण असणार नाही, हे सत्तरी ओलांडलेल्या गणिताच्या बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

डॉक्टर काचेपलीकडच्या खोलीत गेल्या आणि त्यांचा आवाज भिंतीतून आला. "मावशी, पेला उचला आणि पाणी प्या."

पद्मलनं खिडकीकडे बघितलं. धुराड्यामागचा उजेड गेला होता. मग तिनं अक्कांकडे बघितलं.

लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, लोकांच्या घरी, रेल्वेत पन्नास वर्षं ही अशीच नजर यायची, आणि पन्नास वर्षं अक्का तेच वाक्य बोलायच्या. "ती दिवस मावळल्यावर पाणी घेत नाही." पद्मलला परक्यांपुढे स्वतःचा नेम सांगायचा संकोच वाटायचा. सांगणं म्हणजे मिरवणं, असं तिला वाटे. ते वाक्य अक्कांचं काम होतं. एवढं सवयीचं, की पद्मल फार तर "नको" म्हणायची, आणि पुढचं त्यांच्या तोंडून आपोआप यायचं.

"नको," पद्मल म्हणाली.

"अहो मावशी, एक घोट," भिंतीतला आवाज म्हणाला. "तहान लागलीय ना? यंत्रासाठी घ्या."

अक्का गप्प राहिल्या.

पद्मलनं थोडी वाट पाहिली. मग पेला उचलला, ओठांना लावला, कोरडा आवंढा गिळला आणि खाली ठेवला. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या. त्यांची नजर वळायच्या आत पद्मलनं खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत पाणी ओतून टाकलं, आवाज न करता, जन्मभर कुणाला त्रास न देणाऱ्या बाईनं ओतावं तसं.

"छान. आता परत भरून घ्या. उचला, पण पिऊ नका."

ते तर तिनं आधीच केलं होतं. आता परत केलं.

झालं ते इतकंच. खऱ्याची आणि खोट्याची अशा दोन्ही खुंट्या यंत्रानं एकाच जागी ठोकल्या. मग पद्मलला तो दिवस आठवायला लावला. तिनं तो अडखळत, खाली बघत सांगितला. तिची लाट दोन्ही खुणांपैकी कशाशीच जुळेना. अशी वेळ आली की यंत्र शून्याच्या बाजूला कलायचं. बेड कमी होते, म्हणून त्याला तसंच शिकवलं होतं.

घरी भाचा सम्मेद वाट बघत होता. साखर कारखान्यात नोकरीला, वरच्या मजल्यावर बायकोबरोबर राहायचा. वाईट मुलगा नव्हता. दोन आत्यांचं दुखणं-खुपणं तोच काढायचा.

"किती आले?" त्यानं दारातच विचारलं.

"नऊ," अक्का म्हणाल्या.

"नऊच? आणि मी चालू गाळपात सुट्टी टाकून बसलोय." तो पद्मलकडे वळला. "पद्मलआत्या, पुढच्या वेळी जरा आधी सांगा. म्हणजे मी जेवून तरी घेतो."

त्याची बायको श्रुतिका हसली. "मला प्रीलिमला इंग्रजीत अकरा होते. तुमच्यापेक्षा हुशार निघाले की हो मी."

पद्मलही हसली. तिला त्या घरात राहायचं होतं.

आकडा गावभर व्हायला दोन दिवस पुरले. तिला कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे मोकळेपणानं बोलायला लागले, तेच वाईट होतं. आजवर ती दिसली की बायका आवाज खाली आणायच्या, "कशी आहेस?" म्हणून हातावर हात ठेवायच्या. आता बस्तीच्या पायरीवर मगदूमांची थोरली सून म्हणाली, "काय पद्मलमावशी, आम्हाला उगाच घाबरवलासा होय इतकी वर्षं?" आणि प्रेमानं पाठीत धपाटा घातला. श्रुतिकानं तिच्या खोलीची कडी काढून घेतली होती, ती परत लावून दिली. पद्मल पोळ्यांना उशीर करू लागली, तर श्रुतिका म्हणायची, "नऊवाल्यांनी पटपट आवरायचं असतं."

अक्कांची बस गुरुवारी पहाटेची होती. बुधवारी संध्याकाळी, उजेड होता तोवर, पद्मल त्यांच्या प्रवासाचं पाणी गाळत होती. हंड्याच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधून, बारीक धार धरून, आई गाळायची तसं. गाळलेलं पाणी चुलीवर चढवलं आणि ती पाटावर बसली.

"अक्का, एक विचारू? किती वाटलं म्हणजे शंभर होतात गं?"

"काय ते?"

"मला त्या दिवशी जेवढं वाटलं, त्याच्या पलीकडं काही असतं असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटलं, हेच ते. आता कळलं की ते नऊच होतं." तिनं विस्तवातलं लाकूड जरा मागं ओढलं. "मग खरं ज्यांना वाटतं, त्यांना केवढं होत असंल."

"नको तो विचार करू नकोस."

"इतकी वर्षं मी तुला खोटंच सांगत आले की काय? मुद्दाम नाही हां. मला ठाऊकच नव्हतं."

अक्का साडीच्या घड्या घालत होत्या. घातलेली घडी त्यांनी मोडली आणि परत घातली.

"आणि अक्का, ते पाणी मी प्याले नव्हते. कुंडीत ओतलं. त्यानं काही बिघडलं नसंल ना?"

चुलीवरच्या पातेल्यात बुडबुडे यायला लागले होते. अक्कांना सगळं लख्ख दिसलं. दोन खुंट्या, एकच जागा, मध्ये दोरी ताणायला अंतरच नाही. चौथीतल्या पोरालाही दिसलं असतं. फूटपट्टीवरच शून्य आणि शंभर एकाच रेघेला लिहिले, तर तिनं मोजलेलं सगळं चूक.

"एका घोटानं काय बिघडतंय?" त्या म्हणाल्या.

"तेच म्हटलं मी," पद्मल म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. तिला दुसरं उत्तर हवं होतं, हे अक्कांना तेव्हाच कळलं.

पहाटे निघताना पद्मलनं बाटली हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हात जोडले. "जाणता-अजाणता काही दुखावलं असलं तर क्षमा कर." भाद्रपदात क्षमावाणीला सगळेच एकमेकांना हे म्हणतात, पोरंसोरं खेळता खेळता म्हणतात. हा तर माघ होता. अक्कांनी "हो, हो" म्हणून तिच्या गालाला हात लावला आणि रिक्षात बसल्या.

फोन आला तेव्हा त्या डोंगराच्या पायऱ्या चढत होत्या. वर ढोल वाजत होते. सम्मेदचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. पद्मल गेली, एवढं तो दोनदा म्हणाला. श्रुतिका शेजारी हळदीला गेली होती. दाराला कडी होती.

"असं कसं झालं, अक्काआत्या?" तो रडत म्हणाला. "नऊ होते ना तिचे?"

भोवतीची माणसं अक्कांना चुकवून वर जात राहिली. त्यांच्या हातात पद्मलनं गाळलेल्या पाण्याची बाटली होती. अभिषेकाचा गजर झाला, आणि त्यांनी वर बघितलं नाही.

घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बायका अक्कांजवळ बसत, डोळे पुसत आणि हळूच म्हणत, "नऊ होते म्हणं. मग चुकूनच झालं असणार. बिचारीला जायचं नव्हतं हो." काहींना त्यात समाधान होतं. एक जण तर म्हणाली, "नाटकाच्या नादात जीव गेला बघा," आणि चहाची बशी खाली ठेवली. अक्कांच्या तोंडात पन्नास वर्षांचं ते वाक्य येऊन अडायचं. ती दिवस मावळल्यावर पाणी घेत नाही. आता ते ऐकून करणार काय कोण?

त्यांनी सम्मेदला सांगितलं. सगळं सांगितलं, कुंडी, तिकीट, चुलीपुढचं बोलणं. त्यानं त्यांचा हात हातात घेतला.

"आत्या, तुम्हाला दुःख झालंय, म्हणून तुम्ही स्वतःवर ओढून घ्यायलाय."

"मला दिसलं होतं रे."

"दिसलं असंल. पण मुद्दाम गप्प बसलात असं कुठं आहे? आणि आता उकरून काय होणार? तुमच्यावर केस होईल. नियम आहे तो, सोबतच्या माणसानं माहिती लपवली तर. या वयात तुम्हाला मी कुठं कुठं घेऊन फिरू?"

घरी पाठवलेला रुग्ण दगावला, तर त्याच्यासोबत आलेल्या नातेवाइकाचंही मापन करायचं, असा कायदाच होता. माणसाच्या सांगण्याला आता पुरावा म्हणत नसत. लोक दुःखात काहीही कबूल करतात, आणि भीतीपोटी काहीही नाकारतात. यंत्राचं तसं नव्हतं. चैत्रात रुग्णालयाचा निरोप आला. तीच खोली, आणि वेळ तिसऱ्या प्रहरानंतरची.

अक्कांना त्या निरोपानं बरं वाटलं, हे कुणाला सांगून पटलं नसतं. त्यांना केसची भीती नव्हती. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, पद्मलच्या नावापुढचे ते नऊ पुसायचे होते; नेमाची माहिती लपवली गेली हे यंत्रानंच सांगितलं, तर तिचं मापन रद्द धरावं लागलं असतं. ती खोटं बोलत नव्हती, एवढं तरी तिला परत द्यायचं होतं. आणि दुसरी त्या स्वतःशीसुद्धा नीट उच्चारत नव्हत्या. पाठशाळेत लहानपणी पंडितजी सांगायचे, हात उचलला नाही तरी मनात मारण्याचा भाव आला की हिंसा झाली. त्या संध्याकाळी आपल्या मनात कोणता भाव होता? आपण विसरलो होतो, थकलो होतो, की त्या एका वाक्याचं वजन माहीत असून ते गिळलं होतं? जाणता की अजाणता? त्यांना खरोखर माहीत नव्हतं. आणि जगात ते सांगू शकणारी एकच वस्तू होती, तीही पद्मलच्या बाबतीत चुकलेली.

त्या दिवशीही रांग लांबली. हर्डीकर डॉक्टर मध्येच येऊन शेजारी बसल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"अक्का, तुम्ही सम्मेदना जे सांगितलंत ते त्यांनी तुमच्या काळजीनं मला सांगितलं. कुंडीचं."

"बरं केलं त्यानं."

"माझी झोप उडालीय, खोटं नाही सांगत." त्यांनी हातातलं पेन उघडलं, बंद केलं. "दिवाळीपासून हे यंत्र सगळ्या जिल्ह्यांत जाणार आहे. ज्यांना खरी गरज आहे त्यांना यामुळे बेड मिळतो. मागच्या वर्षात किती माणसं वाचली असतील, मी स्वतः पाहिलंय. एका रीडिंगवरून सगळं थांबलं, तर त्यांचं काय?"

"तुमच्याकडं नेम असलेली माणसं एक पद्मलच आली व्हय?"

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं.

"उपास असलेली," अक्का म्हणाल्या. "रोजे असलेली. नवस बोलून पाणी सोडलेली. वहिनीच्या हातचं नको म्हणणारी. सगळी प्याली का हो तुमच्यापुढं?"

"आपण यापुढे विचारत जाऊ. नमुन्याची पद्धत बदलू. हळूहळू, गाजावाजा न करता."

"आणि झालेले आकडे?"

"चला," डॉक्टर उठल्या. "आपला नंबर आला."

टोपी थंड होती. डॉक्टरांनी पट्टा हनुवटीखाली आवळला. कुंडीतला मनीप्लांट वाढून खिडकीच्या गजाला लागला होता. बाहेर धुराड्यामागे उजेड गेला होता. टेबलावर पाण्याचा पेला ठेवलेला होता. अक्कांनी दुपारपासून पाणी घेतलं नव्हतं, घसा लाकडासारखा झाला होता. नेम त्यांचाही होता. त्याच दिवशी, त्याच महाराजांपुढे, पद्मलच्या शेजारी बसून घेतलेला. ती बारा वर्षांची, त्या बावीसच्या. पद्मलनं भीतीनं त्यांचा पदर धरून ठेवला होता. त्यानंतर तापात, प्रवासात, आई गेली त्या रात्रीसुद्धा तो मोडला नव्हता.

काचेपलीकडे जायच्या आधी डॉक्टर वाकल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "अक्का, दिवस मावळलाय. तुमचाही नेम असेल. प्यायलाच हवं असं काही नाही. नुसतं ओठाला लावा आणि ठेवा. मी समजून घेईन."

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. बाई दुष्ट नव्हती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. ओठाला लावून ठेवलं की इथंही दोन्ही खुंट्या एका जागी बसतील, आणि अक्कांच्या गप्प राहण्याचेही आठ-नऊच येतील. हेतू नाही. सम्मेद सुटेल, श्रुतिका सुटेल, डॉक्टर सुटतील, यंत्र सुटेल. अक्काही सुटतील, आणि वर नेमही राहील. पद्मलचे नऊ तेवढे नऊच राहतील.

"तुम्ही तिकडं जाऊन बसा," अक्का म्हणाल्या. "चुकायला नको."

काचेपलीकडची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग भिंतीतून, "पेला उचला. आणि पाणी प्या."

अक्कांनी पेला दोन्ही हातांनी उचलला. गाळलेलं नसलेलं, उकळलेलं नसलेलं, दिवस मावळल्यावरचं पाणी. त्यांनी डोळे मिटले नाहीत. पहिला घोट घशात अडला, दुसरा उतरला, आणि मग तहान एकदम वर आली आणि त्या घटाघट पीत गेल्या, हनुवटीवरून ओघळ आला तरी थांबल्या नाहीत. पाणी गोड लागलं. ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं. रिकामा पेला त्यांनी टेबलावर उपडा ठेवला, म्हणजे काचेपलीकडून दिसावा.

दुसरा पेला उचलून न पिता ठेवायचा होता, तोही त्यांनी ठेवला. आता शंभर एका टोकाला होते, शून्य दुसऱ्या टोकाला.

काचेपलीकडे डॉक्टरांनी उपड्या पेल्याकडे बघितलं.

"विचारा," अक्का म्हणाल्या.

"राजमतीअक्का." भिंतीतून आवाज आला. "बहिणीनं तुमच्याकडे बघितलं, तेव्हाचं आठवा. तिच्या नेमाचं ठाऊक असून तुम्ही मुद्दाम गप्प राहिलात का?"

अक्कांना खिडकी आठवली. पद्मलची ती नजर आठवली, पन्नास वर्षांच्या विश्वासानं वळलेली, वाट बघणारी. जिभेवर आलेलं वाक्य आठवलं. ते आलं होतं. पूर्ण, शब्दन् शब्द आलं होतं.

समोरच्या काचेत पडद्याचा उजेड पडला होता. अक्कांनी अजून ओठसुद्धा हलवले नव्हते, आणि आकडा चढायला लागला होता. तीस गेले, साठ गेले. गणिताच्या बाईंनी काचेतले ते उलटे आकडे सरळ करून वाचले, आणि तो थांबेपर्यंत बघत राहिल्या.